फोटोंना तारखा लावताना

निवृत्त झाल्यावर मुलीने माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये नेहमीच्या प्रणालीऐवजी लिनक्स घालून दिलं. ती धायरीत राहते, आम्ही नारायण पेठेत, त्यामुळे पुढचं शिक्षण फोनवर झालं.

सहलींच्या फोटोंची फाइलनावं तारखेप्रमाणे हवीत, असा बायकोचा हट्ट होता. नेटवर मला पायथन नावाच्या संगणकी भाषेत लिहिलेला एक फुकट प्रोग्रॅम सापडला. उतरवला, त्यावर दोनदा टिचकी मारली, तर तो चालण्याऐवजी वाचायलाच उघडला. मुलीला फोन केला.

"बाबा, टर्मिनल उघडा, आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी. प्रोग्रॅम जिथे उतरलाय त्या फोल्डरमध्ये जा, मग नाव टाइप करा. नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ."

तसं केलं. उत्तर आलं, परवानगी नाही.

"माझ्याच घरात, माझ्याच लॅपटॉपवर मला परवानगी नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला एव्हाना सवय व्हायला हवी होती," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

मुलीने परवानगी देण्याची आज्ञा सांगितली. "पण चालवण्याआधी आत काय लिहिलंय ते वाचा. आणि प्रोग्रॅम फोटोंच्या फोल्डरमध्ये हलवा."

मी हो म्हणून फोन ठेवला. नोकरीत जन्मभर न वाचता सह्या केल्या होत्या, एवढ्यासाठी कुठे वाचत बसायचं. आज्ञा दिली, एंटर दाबलं. पडद्यावर ओळी भराभर पळाल्या. मला फार अभिमान वाटला. फोटो पाहिले, तर ते होते तसेच. प्रोग्रॅम हलवायचा मी विसरलो होतो, आणि तो ज्या फोल्डरमध्ये असेल तिथलीच नावं बदलत होता. नावं बदलली होती ती डाउनलोड्समधल्या एकूण एक फाइलींची. विजेचं बिल, माझा रक्त तपासणीचा अहवाल, बायकोच्या भाचीचा बायोडेटा, सगळ्यांची नावं म्हणजे नुसत्या तारखा.

हे मी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, कसब्यातल्या एका बाईंना त्यांच्या मुलासाठी भाचीचा बायोडेटा पाठवा, त्या वाट बघतायत. मी अंदाजाने एक तारीख निवडली आणि पाठवून दिली.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. बायकोने स्पीकर लावला.

"अहो, आपण पाठवलेलं वाचलं. 'गच्ची पापड वाळवण्यासाठी आहे, भांडण्यासाठी नाही. भांडायचे असल्यास खाली यावे.' विचार पटले. पण मुलीचं शिक्षण लिहिलेलं नाही."

ती आमच्या सोसायटीची सूचना होती. लिहिणारी सेक्रेटरी माझ्या शेजारीच बसली होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी सगळं कबूल केलं, फोन चालू असतानाच.

बाई बराच वेळ हसत होत्या. मग त्यांनी विचारलं, हे शब्द कुणाचे? माझे, बायको म्हणाली, जरा ताठ होऊन.

खरा बायोडेटा गेला, बघण्याचा कार्यक्रम झाला, आणि भाचीने मुलाला नकार दिला. बायकोचे आणि त्या बाईंचे फोन मात्र अजून चालू आहेत. बाईंच्या सोसायटीच्या सूचनाही आता आमच्याच घरी लिहिल्या जातात.