टेकू काढायचे दिवस

वाळूची चव सांगू शकेल असा माणूस अख्ख्या सुरतेत एकच होता, आणि ते माझ्या मावशीचे यजमान होते. काका सरकारी बांधकामावर ओव्हरसियर होते, पण नोकरी नसती तरी त्यांनी दुसरं काही केलं असतं असं मला वाटत नाही. वाळूचा ट्रक आला की बाकीचे लोक ढीग केवढा ते बघत. काका चिमूटभर वाळू जिभेवर ठेवून डोळे मिटून घेत. "ही कामरेजची. नदीची, गोड," म्हणाले की ट्रक रिकामा व्हायचा. "ही खाडीकडची. खारट. आतलं लोखंड खाऊन टाकेल," म्हणाले की ट्रक आल्या वाटेने परत. एका ट्रकवाल्याने वैतागून विचारलंही होतं, "साहेब, आ रेती छे के फरसाण?" काका त्यालाच चाखायला लावणार होते, पण तो गाडी घेऊन पळाला.

सिमेंट, वाळू आणि खडी ही त्यांची माया, आणि जास्तीचं पाणी हा त्यांचा जन्माचा शत्रू. पाणी वाढवलं की काँक्रीट सरसर पसरतं, कामगारांचे हात वाचतात, आणि पुढे तो स्लॅब पोकळ निघतो. त्यांचा खानदेशी मुकादम गयावया करायचा, "साहेब, थोडं पानी टाकू द्या ना, हात दुखी राह्यनात." त्यावर काका स्वतः फावडं हातात घेत, पण पाण्याला हात लावू देत नसत. हे वेड घरीही यायचं. मावशीने शिरा केला की ते तो वाटीत दाबून ताटात उपडा करत आणि वाटी उचलून निरखत. शिरा जागेवर ताठ उभा राहिला तर पाणी कमी, ताटभर पसरला तर जास्त, जरासा बसून थांबला की खूश होऊन म्हणत, "वा, स्लॅबला चालेल!" मावशीला आयुष्यात याहून मोठी शाबासकी मिळाली नाही.

अशा माणसाने नवागामच्या बाजूला स्वतःचं घर बांधायला घेतलं, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच उत्साहाचं भरतं आलं. पण त्या काळी सिमेंट परमिटवर मिळायचं, आणि परमिट आलं ते नेमकं त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, शालूचं, लग्न तोंडावर आल्यावर. स्लॅब ओतला गेला. ओल्या स्लॅबखाली लाकडी बल्ल्यांचे टेकू उभे राहिले, वर तो पक्का व्हावा म्हणून मातीचे बांध घालून पाणी तुंबवलं गेलं. आणि व्याह्यांचा जळगावहून निरोप आला, लग्न मुलीच्या दारातच व्हायला हवं.

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती, दर दोन हातांवर एक बल्ली. व्याही मोठे मानी, बँकेतले साहेब. बिनसलं तर पोरीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागणार.

"अहो, मधले चार टेकू काढले तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"आभाळ नाही, स्लॅब."

"पोरीचं लग्न आहे हो."

"म्हणूनच तर. तिच्या डोक्यावर कच्चा स्लॅब ठेवू?"

यावर मावशीने डोळे पुसले, पदर खोचला आणि गल्लीतल्या बायांना हाक मारली. दोन दिवसांत प्रत्येक बल्लीला केळीचा खांब बांधला गेला, झेंडूच्या माळा चढल्या, शेजारच्या जरीवाल्याने उरलीसुरली जर आणून गुंडाळली. लग्नाच्या दिवशी ते घर असं झगमगलं की मला नाचावंसं वाटत होतं! वऱ्हाड वळणं घेत घेत आत आलं. अंतरपाट दोन बल्ल्यांमध्ये जेमतेम मावला. गच्चीवर कुणीतरी तुंबलेल्या पाण्यात पाय धुतले, तर काका म्हणाले, "खुशाल धुवा, पुन्हा वर जाताना दोन बादल्याही न्या."

सगळं निर्विघ्न चाललं होतं. मग पंगत बसली, आणि व्याह्यांनी दमून एका बल्लीला पाठ टेकली.

"पाठ काढा!" काका पंगतीच्या त्या टोकाहून ओरडले.

मावशीने जिलबीचं ताट खाली ठेवलं. व्याही लालबुंद होऊन उठले. "काय म्हणालात?"

काकांना व्याह्यांचा चेहरा दिसलाच नाही, त्यांना फक्त बल्ली दिसत होती. ती ओळंब्यात सरळ आहे ना, हे पाहत पाहत त्यांनी सांगायला सुरुवात केली. काँक्रीट कडक दिसतं, पण अजून लहान आहे. त्याला पाणी हवं, वेळ हवा, धक्का नको. मग समोरच्या पातेल्यातला शिरा वाटीत दाबून त्यांनी व्याह्यांच्या पानात उपडा केला आणि वाटी उचलली. शिरा जरासा बसला आणि थांबला. व्याह्यांनी वाकून त्याच्याकडे पाहिलं आणि ते हसायलाच लागले. "ज्या घरात स्लॅबला एवढं जपतात," ते मावशीला म्हणाले, "तिथल्या मुलीची आणखी चौकशी काय करायची?" आणि ताठ बसून त्यांनी तोच शिरा दोनदा मागून घेतला. मावशी कोपऱ्यात जाऊन रडली, पण ते रडणं वेगळं होतं.

संध्याकाळी शालू गेली. तिची गाडी वळणाआड जाते न जाते तोच काका बादली घेऊन गच्चीकडे निघाले. "आज तरी राहू द्या," मावशी म्हणाली. ते तरीही वर गेले आणि फार उशिरा खाली आले.

टेकू काढायच्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. सुताराने एकेक बल्ली ठोकून मोकळी केली आणि ते घर हळूहळू केवढं मोठं होत गेलं! शेवटच्या बल्लीला लग्नातली जरीची तार तशीच होती. काकांनी ती सोडवून खिशात ठेवली. आम्ही सगळे माना वर करून तडा शोधत होतो. केसाएवढासुद्धा नव्हता. सुतार टाळ्या वाजवत होता, मी काकांचे हात धरून हलवत होतो.

"टेकू काढले की स्लॅब जरासा खाली येतोच," ते म्हणाले. "कितीही चांगला घाला. डोळ्यांना दिसत नाही एवढंच."

मला वळणाआड गेलेली शालूची गाडी आठवली. आम्ही सगळ्यांनी माना खाली केल्या तरी काका मात्र वरच बघत उभे राहिले. मावशी चहाला हाक मारत होती.