मामाजींचं अ‍ॅव्हरेज

आमचे मामाजी ब्रेक मारत नसत. येत नव्हता असं नाही, मारायला जिवावर यायचं. मामाजी म्हणजे माझे सासरे. "ब्रेक मारला का कमावलेली चाल मातीत गेली," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे रस्त्यात कोणी हात दाखवला तर त्यांची जीप हळू व्हायची, थांबायची नाही. ज्याला बसायचं त्याने बाजूने पळत यावं, दांडा धरावा आणि आत चढावं. सुलतानपूरच्या बाजाराला जाणाऱ्या म्हाताऱ्यांनासुद्धा हे जमायला लागलं होतं. एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हाताने धोतर सावरत ते असे काही झेपावायचे की बघतच राहावं! गावात मामाजींना नावाने कोणी ओळखत नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी एकच, अ‍ॅव्हरेजवाले.

जीप होती सरकारी लिलावातली. माझं लग्न होऊन मी या घरात आले त्याच्या कितीतरी आधीची. चारही चाकांना जोर देता यायचा, त्यामुळे पावसाळ्यात शेताकडच्या नाल्याला पाणी असलं तरी ती पलीकडे जायची. काळ्या मातीत कोणाचा ट्रॅक्टर फसला की मामाजींना बोलावणं यायचं. अडलेल्या कितीतरी बाया त्यांनी मेहकरच्या दवाखान्यात वेळेवर पोचवल्या. पण ही जीपबाई पेट्रोल प्यायची, बाप्पा! घरात त्यावरून रोज कटकट. शेवटी माझ्या नवऱ्याने, संतोषने, तिला गॅसचं किट बसवून दिलं आणि वर अट घातली. "बाबा, टाकी भरली का मी मीटर पाहीन. लिटरले नऊच्या वर देत असंन तं ठेवा. नऊच्या खाली गेली तं भंगारवाल्याले फोन करतो." मामाजींनी मान डोलावली, म्हणाले, "हाव." तेव्हापासून जीप राहणार की जाणार, ते त्या नऊच्या आकड्यावर आलं.

मग माणूस त्या आकड्याच्या मागेच लागला. मागची बाकं काढून गोठ्यात टाकली, टपाचे पाइप काढले. रोज सकाळी चूळ भरायच्या आधी चाकांची हवा बघायची. एअर फिल्टर तर असा झटकायचे जसं कोणी लेकराचं अंथरूण झटकावं. पुढच्या चाकांचा जोर एरवी सोडून ठेवायचे, नाल्याशी आलं की चिखलात उतरून लावायचे आणि पलीकडे गेलं की पुन्हा उतरून सोडायचे. मेहकरच्या मिस्त्रीच्या दुकानात जाऊन बसायचे आणि त्याचं डोकं खायचे. "गॅसले टायमिंग जराक पुढे लागते बे, पेट्रोलवानी ठेवू नको." मिस्त्री वैतागून म्हणायचा, "काका, आता हिले ढकलतच न्या, लय अ‍ॅव्हरेज देईन." मामाजींना त्याचा राग येत नसे. ते खरंच विचारात पडायचे.

आम्हा माणसांचंही त्यांना ओझंच वाटायचं. पाहुणा जीपमध्ये बसला की तब्येतीची चौकशी करावी तसं हळूच विचारायचे, "वजन किती असंन तुमचं?" माझ्या पहिल्या मूळपाठवणीला ते मला न्यायला माहेरी, मेहकरला आले होते. अंगावर नवी पैठणी, हातभर चुडा, कपाळावर मळवट. येताना गावाजवळचा चढ लागला तशी जीप धापा टाकायला लागली. मामाजी पुढे बघतच म्हणाले, "सूनबाई, जराक उतरता का? चढ संपला का बसा." मी उतरले. नवी नवरी पैठणी वर धरून धुळीत चालते आहे आणि पुढे सासरे जीप घेऊन चाललेत, हे शेतातल्या सगळ्या बायांनी खुरपं खाली ठेवून पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचे कितीतरी महिने विहिरीवर कोणी ना कोणी विचारायचंच, "काऊन वं, आज पायीच का?"

पण तो माणूस प्रेमळ होता हेही सांगायला हवं. बाजारातून आले की माझ्यासाठी पेरू आणायचे आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबून खाकरायचे. सून आत असताना आत पाऊल टाकत नसत. पिशवी उंबऱ्यावर ठेवून निघून जायचे. मला कधी एकेरी हाक मारली नाही, मारली ती फक्त 'माय' म्हणून.

मग एका वर्षी घरात गॅस पुरेनासा झाला. स्वयंपाकाचा, शेगडीचा. शेजारच्या काकूंचं सिलिंडर दोन महिने जायचं, आमचं एका महिन्यातच फडफड करायला लागायचं. माणसं तेवढीच, पोळ्या तेवढ्याच. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, त्यांनी आधी गॅसवाल्याला शिव्या घातल्या. मग रबरी नळी बदलली. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "हिच्या हाताले बरकतच नाई," असं एकदा बोलल्या, मग रोज बोलायला लागल्या. भाजी ठेवून फोनवर बोलत बसते, दूध उतू जाऊ देते, आंघोळीचं पाणी चोरून गॅसवर तापवते. ओसरीवर जेवायला बसलेल्या दोन्ही बापलेकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. संतोष म्हणायचे, "जाऊ दे ना आई." मामाजी खाली मान घालून भाकर कुस्करत राहायचे.

मला तर माझाच संशय यायला लागला. खरंच माझ्या हाताला सवय वाईट आहे की काय? मी डाळ भिजवून लावायला लागले, ज्योत बारीक ठेवायला लागले. तरी तेच. शेवटी चिडून परसातली चूल सारवली आणि सकाळचा स्वयंपाक तिच्यावर सुरू केला. धुराने डोळे लाल व्हायचे. पहिल्याच दिवशी मामाजींनी मला फुंकणी घेऊन बसलेलं पाहिलं आणि ते कुऱ्हाड घेऊन बाहेर गेले. दुपारपर्यंत बाभळीची लाकडं फोडून चुलीशी रचून ठेवली, चांगली वाळलेली, बारीक. मग रोजच फोडायला लागले. या घरात माझी काळजी असलेला एकच माणूस आहे, असं मी माझ्या आईला फोनवर सांगितलंसुद्धा.

एके दिवशी शेतात निंदताना माझं डोकं फार दुखायला लागलं, म्हणून आत्यांना सांगून मी दुपारीच घरी आले. म्हटलं, घोटभर चहा घ्यावा. स्वयंपाकघरात गेले तर रेग्युलेटर ओट्यावरून लोंबकळतोय आणि खाली सिलिंडरची जागा रिकामी! चोरीच झाली असं वाटून मी काकूंना हाक मारायला दाराशी धावले, तेवढ्यात जीपचा आवाज आला. अंगणात आपोआप थांबेल अशा बेताने नेहमीसारखी आली आणि थांबली. मामाजी उतरले. मागचं पोतं बाजूला केलं, खालचं सिलिंडर खांद्यावर घेतलं आणि तरातरा सरळ स्वयंपाकघरात आले. त्या दिवशी खाकरले नाहीत. आत कोणी असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

मला बघून ते जागच्या जागी थिजले. मग सिलिंडर खाली ठेवलं आणि रेग्युलेटर बसवायला गेले. घाईत तिरपाच लावत होते, तो बसेना. मीच त्यांच्या हातातून घेतला आणि बसवला. "जराकच काढला, माय," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "नऊच्या वर राह्यली पाह्यजे ना ते." फाट्याजवळच्या एका शेडमध्ये कोणी एक जण मोटर लावून घरच्या सिलिंडरमधला गॅस गाडीच्या टाकीत ओढून द्यायचा. गुन्हाच तो, आणि धोक्याचा. एखादी ठिणगी पडली असती तर जीप आणि मामाजी दोन्ही गेले असते. संतोष टाकी भरून मीटर बघायचे आणि मधल्या काळात मामाजी माझ्या शेगडीतला गॅस त्यात घालून आकडा वर चढवायचे. एवढे कष्ट करून, फिल्टर झटकून, सुनेला चढावर चालवूनही जीप सातच्या वर कधी गेलीच नव्हती.

मला राग यायला हवा होता. आलाही, नाही असं नाही. इतके दिवस माझ्यावर बोल येत होते आणि हा माणूस समोर बसून जेवत होता! पण वयाने वडिलांएवढा माणूस माझ्यापुढे चोरासारखा उभा आहे हे बघून माझीच नजर खाली गेली. त्यांना लाज वाटत होती आणि ती मला दिसत होती, त्याचीच मला लाज वाटली. मी चहा ठेवला. मागे वळून पाहिलं तर ते निघून गेले होते.

मी कोणाला काही सांगितलं नाही. सासऱ्याला चोर म्हणायला तोंड तरी कसं उघडणार? आणि सांगितलं असतं तर जीप गेली असती. मामाजींनी गॅस काढणं बंद केलं, पण आता टाकी संपून भरायची वेळ आली की आकडा पडणार, म्हणून त्यांनी जीप बाहेर काढणंच सोडलं. शेतात पायी जायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "पाय मोकळे करून राह्यलो." माझ्याशी बोलणं बंद, पेरू बंद. मी ओसरीवर आले की ते अंगणात जायचे, अंगणात आले की गोठ्यात. लाकडं मात्र फोडत राहिले.

उन्हाळ्यात माझी आई कुरडया-पापड घेऊन आली. संतोष घरीच होते, ओसरीवर सगळ्यांची पानं मांडली होती. आत्यांनी आईला आग्रहाने वाढलं आणि वाढता वाढताच विषय काढला. "विहीणबाई, एवढं लेकीले सांगून जा. गॅस लय उडवते. लोकायचं दोन दोन महिने जाते, हिच्यापाशी महिनाभर टिकत नाई. आता मले सांगायचीबी लाज वाटते." आईच्या हातातला घास तसाच राहिला. माझ्या आईने आयुष्यभर एका शेगडीवर सहा जणांचं केलं होतं. तिने ताट बाजूला सरकवलं, पदर सावरला आणि माझ्याकडे न बघता हात जोडले. "माझंच चुकलं, विहीणबाई. मीच शिकवायला कमी पडले. पदरात घ्या."

"हात नका जोडू." मामाजी उठून उभे राहिले होते. विहिणीशी ते कधी समोरासमोर बोललेले नव्हते. "गॅस तुमच्या लेकीनं नाई उडवला. म्या चोरला. माह्याच घरात चोरला अन् गाडीत घातला. इच्यावर बोल येत राह्यले, अन् म्या समोर बसून भाकर खात राह्यलो." मग संतोषकडे वळले. "नऊ कवाच नव्हतं बाप्पा. सात हाये. सांगून दे कोणा घेणाऱ्याले गाडीचं." आत्यांच्या हातातला डाव पातेल्यात पडला. आईने पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला. संतोष काहीतरी बोलायला गेले, पण मामाजी चपला न घालताच उन्हात बाहेर पडले होते.

दोन दिवसांनी संतोषच त्यांना म्हणाले, "बाबा, राहू द्या गाडी. सात तं सात." आत्यासुद्धा म्हणाल्या. मी तर उंबऱ्यात उभी राहून म्हणाले, "मामाजी, ठेवा ना. माझं काही नाही." ते ऐकेनात. रोहिणखेडकडून एक जण बघायला आला. त्याने विचारायच्या आत त्यांनी सांगितलं, "सात देते. त्याच्यावर एक थेंब देत नाई. मंग म्हणू नका सांगितलं नव्हतं." घेणारा चक्रावून गेला. त्याने भाव केला नाही, किल्ली घेतली. जीप गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबली, वळण घ्यायला त्याने करकचून ब्रेक दाबला. मामाजींनी तिकडे पाहिलं नाही, गोठ्यात जाऊन गाईपुढे कडबा टाकला.

आत्यांनी मला पुन्हा कधी गॅसवरून बोल लावला नाही. मामाजीही हळूहळू बोलायला लागले, नातवंडं झाल्यावर तर चांगलेच. पण एक गोष्ट राहिली. शेतातून पायी यायला त्यांना उशीर व्हायचा, तोवर चहा निवलेला असायचा. मी म्हणायचे, "गरम करून देते." ते म्हणायचे, "नको माय, असाच बरा." उरलेली भाजी थंड, वरण थंड. थंडीच्या दिवसांतही आंघोळ विहिरीच्या पाण्याने. आधी वाटलं, वयाने आलेला हट्ट असेल. मग कळलं, माझ्या शेगडीतला गॅस ते स्वतःसाठी जळू देत नव्हते, आणि कळल्यावर मला त्यांच्यापुढे शेगडी पेटवायचीच लाज वाटायला लागली. एकदा धीर करून म्हटलं, "मामाजी, आता तो विषय संपला ना." ते हसले आणि म्हणाले, "कोणता इषय?" आणि गार चहा एका घोटात संपवला.

गेल्या वर्षी पौषात ते अंथरुणाला खिळले. अंगात ताप, बाहेर कडाका. मी न विचारताच आल्याचा चहा केला, उकळता, वाफा निघणारा, आणि त्यांना भिंतीला टेकवून बसवून कप हातात दिला. दोन्ही हातांनी त्यांनी तो धरला. कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काऊन तापवला वं, माय?" असं विचारलं. मी बशी पुढे केली. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकलासुद्धा नाही, बशी तशीच धरून बसले. मी पदर तोंडाशी घेऊन तिथेच उभी होते. चहा पार गार झाल्यावर ते प्यायले.