हातचा एक

शेजारची सई तिसरीत आहे. काल आमच्या पायरीवर बसून ती सोळाला तिनाने गुणत होती. 'तीन सक अठरा' म्हणत तिने आठ लिहिला, 'हातचा एक' म्हणाली आणि डाव्या हाताची मूठ घट्ट मिटली.

तिची आई हसली. "अगं वेडे, हातचा खरंच हातात धरायचा नसतो. मनात ठेवायचा."

"मनातला हरवतो," सई मूठ न सोडता म्हणाली.

मला आमचे गुरुजी आठवले. मनातून निसटलेल्या एकासाठी ते पट्टी मारायचे, आणि तीही हातावर! ज्या हातात तो एक सुखरूप राहिला असता, नेमकी त्याच हातावर. आपल्या भाषेनेच ज्याला हातचा म्हटलं, तो पोरीने हातात धरला तर बिघडलं कुठे? कुणी काहीही म्हणो, माझ्या पायरीवर तिला मूठ सोडायला कुणी सांगायचं नाही.

"तीन एके तीन," सईने मूठ उघडली, "आणि हा एक, चार. अठ्ठेचाळीस!"

पुढच्या गणितात हातचे दोन आले. सईने पेन्सिल दातांत धरली, दोन्ही मुठी मिटल्या आणि आईकडे रोखून पाहिलं.