कपाटावरची धूळ

आज कपाट उघडताच धुळीचा वास आला आणि सत्तरच्या दशकातला नागपूरचा आमचा इतिहास विभाग आठवला. एम.ए.चा ऐच्छिक पेपर निवडायचा शेवटचा दिवस होता. चुकलो तर वर्ष वाया. विभागप्रमुखांनी अर्धा तास इतिहासाची थोरवी सांगितली. मोगल घ्यावेत की मराठे, ते सांगायचं राहिलं.

बाहेर शिपाई महादेवराव म्हणाले, "काहून तोंड पाडून बसला गा? मराठे घे."

"कशावरून?"

"सरायची कपाटं मीच पुसतो. मोगलांवर बोटभर धूळ राहते. मराठ्यांची पुस्तकं सर रोज काढतेत."

मी मराठे घेतले, पास झालो आणि तिथंच शिकवू लागलो. माझं कपाटही महादेवरावच पुसत. मुलांना ते काय सल्ला देतात, हे विचारायचं धाडस मात्र मला कधी झालं नाही.