नानांचं रजिस्टर आणि गोठलेला डबा

आमच्या ऑफिसात बग सुटायला आठवडा लागतो, किस्सा व्हायला पाच मिनिटं. कारण इथे दोन वडीलधारे आहेत आणि दोघांनाही सगळं येतं!

जळगावात आम्ही केळीच्या बागांमधले पंप चालवणारे डबे बनवतो. आत लिनक्स. मालक नाना. सल्लागार सर, म्हणजे धुळ्याच्या कॉलेजात मला ऑपरेटिंग सिस्टममध्ये नापास करणारे तेच. मी कॉलेज सोडलं. सरांनी रिटायर होऊनही मला सोडलं नाही.

*

नानांचा नियम: खुर्ची सोडली की रजिस्टरात वेळ आणि कारण लिहायचं. रजिस्टर नानांच्या टेबलावर. एकदा नाना गेटवरच्या आबांवर कडाडले, "नियम बठ्ठासले शे! तुमनं नाव कोठे शे?" सगळ्यांना म्हणजे आबांनाही.

दुपारी बाहेर टेम्पो हॉर्न मारतोय, गेट बंद! रजिस्टरात आबांची दोन पानं: "१०.०५ रजिस्टर लिहायला उठलो. १०.०७ ते लिहायला उठलो. १०.०९..."

*

चोपडा तालुक्यातला एक डबा मधेच बंद पडायचा. कारण शोधायला मी कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, ट्रेसर लावला. कोणतं फंक्शन कधी चाललं, याची तो नोंद ठेवतो. लावला आणि डबा जागीच गोठला!

सर म्हणाले, "व्होल्टेज." स्टॅबिलायझर आणला. गोठला.

"मग या मुलातच दोष आहे," सर माझ्याकडे बघून म्हणाले.

नाना म्हणाले, "शुक्रवारी चोपड्याचे शेतकरी येतील. तोवर डबा चालला नाही तर तू घरी. सर बघतील."

*

"आमच्या काळी कर्नल असा गोठत नसे," सर म्हणाले.

"तुमच्या काळी तो फळ्यावर चालायचा, सर!"

*

गुरुवारी रजिस्टरात नोंद करायला गेलो, तर आबा पेन घेऊन उभे.

"काय लिहिताय, आबा?"

"लिहायला उठलो, ते."

मी पळतच परत! ट्रेसर प्रत्येक नोंदीसाठी घड्याळाच्या फंक्शनला वेळ विचारायचा. ते फंक्शन चाललं, म्हणून त्याचीही नोंद. त्या नोंदीसाठी पुन्हा वेळ! फंक्शनपुढे 'नोट्रेस' हा एकच शब्द टाकला, म्हणजे याची नोंद नको. डबा चालला. मूळ दोषही त्याच नोंदींत दहा मिनिटांत सापडला.

नानांनी विचारलं, "हे घड्याळाचं कोनी लिखं?"

मी स्क्रीन फिरवला. प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव असतं. सरांचं होतं.

नाना चष्मा काढून म्हणाले, "सर, तुम्ही याला कोणत्या विषयात नापास केलं होतं?"

सर पाणी प्यायला उठले. दारात आबा उभेच.

"सर, रजिस्टर!"