एका मेंढीसाठी दिवे घाट

ऑफिसात सगळ्यांनी समजावलं, जवळच्या गोठ्यावर जा, तिथे गाई आहेत, बसायला खुर्ची आहे, वर चहाही मिळतो. पण कासेचा आजार ओळखायला आम्ही बनवलेली पट्टी मेंढीच्या दुधासाठी होती, आणि मेंढी काही कर्वेनगरात येऊन दाराची बेल वाजवत नाही. म्हणून शनिवारी पहाटे मी नवऱ्याला उठवलं. निखिल हिंजवडीत कोड लिहितो. सुट्टीच्या दिवशी त्याला उठवणं हाच निम्मा प्रवास.

हडपसर उजाडायच्या आत ओलांडा, नाहीतर दिवे घाटात ट्रकमागे रांगत जावं लागतं. सासवडला मिसळ खा, सोबत ताक घ्या. गाव मागे टाकल्यावर कच्चा रस्ता लागतो आणि रिकाम्या रानात धनगरांचा तळ दिसतो. खतासाठी शेतकरी मेंढ्या बसवून घेतात. आम्ही चहा पावडर आणि साखर नेली होती. तुम्हीही न्या.

तळावरच्या बायजामावशींची भुरी मेंढी याच आठवड्यात व्याली होती, पण कोकरू भुकेलंच राहत होतं. गेल्या वर्षीचं असंच गेलं. त्यांचे मालक, म्हणजे मामा, म्हणत होते की उद्याच्या बाजारात भुरी खाटकाला द्यायची. मावशींनी ती बाटलीने दूध पाजून वाढवलेली. त्या नुसत्या तिच्या पाठीवर हात फिरवत उभ्या होत्या.

कासेत जंतू शिरले की सूज दिसायच्या आधीच दुधातलं एक प्रथिन वाढतं आणि पट्टीवर गडद रेघ उमटते. मी भुरीच्या आणि शेजारच्या काही मेंढ्यांच्या दोन्ही सडांचं दूध, मेंढीमागे एक वाटी, एकत्रच काढून तपासलं. सगळ्यांची रेघ गडद! पट्टीच्या मते अख्खा कळप आजारी. निखिल म्हणाला, "छान. घरी जाऊ या?" मामा दोर आणायला गेले. मला असा संताप आला की मी मातीतच फतकल मारून बसले.

बसल्या बसल्या लक्षात आलं, या सगळ्या नुकत्याच व्यालेल्या. दुधात अजून चीक होता आणि चिकात ते प्रथिन तसंही भरपूर असतं. पण चीक दोन्हीकडे सारखाच उतरतो. जंतू मात्र बहुतेकदा एकाच बाजूला शिरतात. मग मी दर मेंढीला दोन वाट्या मागितल्या, डाव्या सडाची वेगळी, उजव्याची वेगळी. बाकीच्यांच्या दोन्ही रेघा सारख्या आल्या. भुरीची डावी काळीकुट्ट, उजवी मात्र बाकीच्यांइतकीच. आणि कोकरू हट्टाने डावीकडेच लुचत होतं.

"मामा, हिची उजवी बाजू चांगली आहे. डावीला औषध लागेल. आज डॉक्टरांना बोलवा."

मामांनी दोन्ही पट्ट्या उन्हात धरून बराच वेळ पाहिल्या. मग दोर खाली ठेवला. "बाजार काय, फुडल्या आठवड्यात बी भरतोय."

दुपारी डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. मावशींनी कोकराचं तोंड उजवीकडे लावून धरलं. ते सुटून पुन्हा डावीकडे जायचं, त्या पुन्हा लावायच्या. आम्ही निघालो तेव्हाही त्यांचं तेच चाललं होतं.

घरी आल्यावर गाडीतला मेंढ्यांचा वास आठवडाभर गेला नाही आणि निखिलची कुरकुरही. आमच्या नव्या पट्टीला आता दोन खिडक्या आहेत, एक डाव्या सडाची, एक उजव्या. परवा मावशींचा फोन आला. डावा सड आटला, पण कोकरू उजव्यावर वाढलं, आता हाताला गावत नाही म्हणे. मी भीत भीत विचारलं, मामा काय म्हणतात?

"त्ये कशाला काय म्हणत्यात, ताई. सांजच्याला कळप आला की पयली भुरीलाच शोधत्यात."