चवथीआधीचा चुना

फोन आला तेव्हा मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुक्या मिरच्या निवडत होते. माझ्या मैत्रिणीची, शलाकाची शेजारीण बोलत होती. डिचोलीकडे येताना पावसात वळणावर शलाकाची स्कूटर घसरली, इस्पितळात पोचेपर्यंत... पुढचं तिला सांगवेना. मिरच्या तिथेच टाकून मी बस पकडली. त्या वळणावर बस हळू झाली आणि खिडकीतून रस्त्यावर निळा रंग दिसला. स्कूटरला बांधलेला रंगाचा डबा फुटला होता. गाड्यांची चाकं त्या निळ्यातून जात होती आणि निळे पट्टे म्हापशाच्या दिशेने लांबपर्यंत ओढले गेले होते. पुढच्या सरीत ते धुऊनही गेले असतील. ती असती तर म्हणाली असती, "बघ गो, केवढां लांब चित्र!"

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, 'हसतमुख चित्रकार हरपली'. मला संताप आला. हसतमुख? शलाका भांडकुदळ होती, आणि स्वतःच्या रेषेवर तिचा भलता जीव होता. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत शाळांच्या, दवाखान्यांच्या, बाजारांच्या भिंती तिने रंगवल्या. स्कूटरवरून जाताना यातली एखादी भिंत आली की ती थांबायची आणि मागे बसलेल्याला विचारायची, "कसां जालां? खरां सांग. वायट म्हटलंस तर हंयसून चलत जा." मी एकदा खरं सांगितलं होतं. ती खरंच मला उतरवून निघून गेली आणि थोड्या वेळाने परत आली, तीही तोंड फुगवून.

मी पत्रकांवर वाढले. माझे बाबा दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात पत्रकं वाटायचे. कधी पाण्यासाठी, कधी जमिनीसाठी, कधी शाळेसाठी. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. त्यामुळे भिंत दिसली की मला तिच्यावर वाक्य दिसतं. शलाका मला 'घोषणा' म्हणायची. आमचं सगळं भांडण एका भिंतीवरून होतं. मुळगावात तिच्या घराजवळ बसची जुनी शेड आहे. आत लांब भिंत आणि भिंतीला लागून बसायला सिमेंटचा सोपा. ही भिंत तिला कुणी रंगवायला दिली नव्हती, तिने ती घेतली होती. आमच्याकडे चवथीआधी, म्हणजे गणपती यायच्या आधी, घरोघर भिंतींना चुना लावतात. त्या दिवसांत शलाका बादली घेऊन शेडीत जायची आणि वर्षभर जपलेल्या स्वतःच्याच चित्रावर चुना फासायची. पहिला हात मात्र कधी स्वतः मारायची नाही. बसची वाट बघत जो कोणी असेल त्याच्या हातात कुंचा द्यायची. चुना वाळला की नवं चित्र सुरू.

खाणीचे ट्रक पुन्हा त्या रस्त्याने धावू लागले त्या वर्षी तिने भिंत पांढरी केली आणि तशीच सोडून दिली. दिवाळी गेली, शिगमा जवळ आला, तरी भिंत कोरीच. खनिजाच्या धुळीने गावातल्या झाडांची पानं लाल झाली, वाळत घातलेले कपडे लाल झाले, म्हातारी माणसं खोकू लागली. मी पत्रक लिहून तिच्याकडे घेऊन गेले. म्हटलं, "निदान एक ओळ लिही भिंतीवर. तू गप्प बसलीस तर बोलणार कोण?"

"तुझी अक्षरां घराक घेवन जा. भिंत माझी."

"भिंत गावाची आहे."

"मगे गाव सांगतलो माका. तू कोण, सरपंचीण?"

मी तिच्याशी बोलणं सोडलं. मग एका सकाळी मी बसमधून जात असताना ड्रायव्हरने शेडीपाशी गाडी थांबवली, ती निघेचना. सगळी बस एका बाजूला वाकून बघत होती. त्या महिन्यांत भिंतीवर लाल धुळीचा जाड थर बसला होता, आणि शलाकाने ओल्या फडक्याने तो जागोजागी पुसून चित्र काढलं होतं. खोदला जायच्या आधीचा आमचा डोंगर, खाली शेतं, ओणवून लावणी करणाऱ्या बायका. सगळं लाल भिंतीत पांढऱ्या रेषांनी उजळलेलं. रंगाचा एक थेंब नाही. मी धावत उतरले. तिच्या कोपरापर्यंत लाल चिखल होता. "रंग ट्रकवाल्यांनी दिलो," ती म्हणाली. "मी फकत पुसलां." ट्रक तिथे हळू व्हायचे. एका ड्रायव्हरने विचारलं, यात आमचा ट्रक कुठे आहे? शलाका म्हणाली, "तुझो ट्रक भायर आसा. चित्र तुझ्याच वांगडा येता." धूळ त्याच्याच ट्रकसोबत यायची.

ते चित्र राहावं म्हणून मी सह्या गोळा केल्या. चवथ जवळ आली तशी ती बादली घेऊन हजर. मी आडवी उभी राहिले. तिने कुंचा माझ्यापुढे धरला. "मार पयलो हात." मी मागे सरले. "चवथीक घर पांढरां करतात मगे? शेड घर न्हय?" एवढंच म्हणून तिने तो शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या हातात दिला. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पुरतं पटलेलं नाही. ज्यांनी डोंगर खाल्ला त्यांना विसरलेली माणसंच हवी असतात. पुसणं त्यांच्या सोयीचं असतं... हे वाक्य तिला ऐकवलं असतं तर म्हणाली असती, "छाप पत्रक."

या वर्षीच्या चित्रात बसची वाट बघणारी माणसं होती, आणि टोकाला पिशवी मांडीवर घेऊन बसलेली तिची आई, आमची माई. शलाका गेल्यावर माई रोज शेडीत येऊन बसू लागली. बस यायची, जायची, ती उठायची नाही. चवथ तोंडावर आली. गावातले चारजण म्हणाले, शेवटचं चित्र आहे, काच लावून जतन करूया. मी लगेच हो म्हटलं. आम्ही माईला विचारायला गेलो. ती म्हणाली, "सुतक आसा. औंदा आमच्या घरात चवथ ना, घराक चुनो ना. पण तिच्या शेडीक लावूक होयो."

"माई, त्यात तुम्ही आहात."

"मी हंय आसंय मगे."

पहिला हात तिनेच मारला. कुंचा बुडवला, निथळू दिला, आणि स्वतःच्या चेहऱ्यावरून फिरवला. नंतर तो माझ्याकडे दिला. बाकीची भिंत मी पांढरी केली. तिथे आडवं उभं राहायला आता माझ्यासमोर कुणी नव्हतं.

कोरी भिंत आता माझ्या ताब्यात होती. वाक्यही तयार होतं, चांगलं होतं. दोनदा मी डबा घेऊन गेले आणि परत आले. ते वाक्य मी पत्रकात छापलं आणि बाबांच्या जागी उभी राहून बाजारात वाटलं. भिंत तशीच आहे. पाऊस सरला, ट्रक सुरू झाले, आणि भिंत हळूहळू लाल होते आहे. काल माई उठून घराकडे निघाली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. सगळ्या भिंतीवर धूळ बसली आहे, फक्त सोप्याच्या टोकाला, जिथे माई रोज टेकून बसते, तिथे धूळ बसलेली नाही. दोन खांदे, थोडी वाकलेली पाठ, अंबाड्याचा गोल... लाल भिंतीत पांढरे.